बंडूभाऊंची मिशी आणि माझी जाळी

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ बारा महिने घाम गाळत उभे असतात. त्यांना डोकं नाही, हात कोपरापर्यंतच आहेत आणि अंगभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत. त्या छिद्रांतून कोमट पाणी पाझरतं. त्यांच्या अंगावर नवं कापड चढवायचं आणि ते किती वेळात वाळतं ते बघत बसायचं, एवढाच आमचा संबंध. त्यांची बडदास्त फार ठेवावी लागते. खोलीची हवा मुंबईसारखी दमट लागते, जरा इकडेतिकडे झालं की सगळे आकडे बिघडतात, आणि इतकं करूनही ते कधी खूश झालेत असं वाटत नाही. म्हणून आम्ही त्यांना जावईबापू म्हणतो.

मी कापडाची डिझाइनर आहे. साडीवर मोर काढणारी नव्हे. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं टाक्यात टाका अडकवून विणतात. त्या कापडाने घाम कसा शोषावा, कुठे न्यावा आणि किती लवकर वाळवावा, हे ठरवणं माझ्या पोटापाण्याचं काम. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी ‘कापडात आहे’ एवढंच सांगते. मग ते ब्लाउजपीस कुठे स्वस्त मिळतो ते विचारतात.

गेली दोन वर्षं मी एकाच कापडाच्या मागे होते. त्याची आतली बाजू गुळगुळीत, पाण्याशी उभा दावा असलेल्या धाग्याची. बाहेरची बाजू सुती मिश्रणाची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडबडीत जाळी असलेली. आतल्या बाजूने घामाला थारा द्यायचा नाही, बाहेरच्या बाजूने त्याला ओढून घ्यायचं, जाळीवर पसरवायचं आणि वाऱ्यावर सोडून द्यायचं. अंग कोरडं ठणठणीत. जावईबापूंच्या अंगावर या कापडाने आमचे आजवरचे सगळे विक्रम मोडले. साहेब म्हणाले, “आता खऱ्या माणसांवर घालून बघ. सगळ्यात जास्त ऊन जिथे असेल तिथे जा.” साहेब स्वतः त्या आठवड्यात महाबळेश्वरला जाणार होते.

माझ्या वहिनीची मैत्रीण रेखाताई इंगळे अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि मुलींचा कबड्डी संघ चालवतात. वैशाखात अकोल्याला स्पर्धा होती. संघाला नव्या जर्सी हव्या होत्या आणि मला घाम हवा होता. जर्सी शिवून घेतल्या, बॅगेत भरल्या आणि निघाले.

अमरावती

मी अमरावतीत भर दुपारी उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जी दोन-चार माणसं दिसली त्यांची तोंडं दुपट्ट्यात अशी गुंडाळलेली, की घासाघीस नेमकी कुणाशी चाललीय तेच कळेना. ज्याच्याशी ठरली त्या रिक्षावाल्याच्या दुपट्ट्यातून मानेवर पाणी ठिबकत होतं. केवढा हा घाम, असं मनात येऊन मला फार बरं वाटलं. पुढच्या चौकात त्याने बाटली काढली आणि अर्धी डोक्यावरच्या दुपट्ट्यावर रिकामी केली. म्हणजे तो घाम नव्हताच. मी जरा हिरमुसले आणि विषय मनातून काढून टाकला.

लॉजवरच्या खोलीत खोलीपेक्षा किंचित लहान असा कुलर होता. मालक म्हणाले, “मॅडम, त्याच्यात पानी टाकत राहा. जाळ्या कोरड्या पडल्या तं गरम हवा फेकते तो.” मी मान डोलावली. मग जर्सी धुऊन खिडकीत टाकली, साबण जागेवर ठेवून मागे वळले, तर जर्सी वाळलेली! मी लगेच फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांनी शाबासकीचा अंगठा पाठवला. शेजारीच टांगलेला माझा जाडजूड टॉवेलही तेवढ्यात पापडासारखा कडक झाला होता, पण त्याचा फोटो मी काढला नाही. संशोधन करणाऱ्याने नसत्या गोष्टींकडे बघू नये.

संध्याकाळी गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा दह्यात बुडबुड बुडवून वर तिखट आणि आंबटगोड चटणी. आमच्याकडे वडा कुरकुरीत नसला तर लोक मालकाला चार शब्द सुनावतात. इथे तो निथळत नसला तर सुनावतात. मी दोन प्लेटा खाल्ल्या. कुलरचं पाणी, दुपट्ट्याचं पाणी आणि हा निथळणारा वडा या तिघांनी मिळून मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता, हे मला आता पुण्यात बसून कळतं. तेव्हा मी फक्त चटणी मागून घेतली.

तिवसा

“बाप्पा! मॅडम, तुमी तं पाप्याचं पितर हाय अगदी. जेवता का नाई?” हे रेखाताईंचं स्वागत. पुण्यात हीच गोष्ट सांगायला माणसं अर्धा तास घेतात आणि शेवटी ‘तब्येत जपा हं’ म्हणतात. रेखाताईंनी ती पहिल्या वाक्यात संपवली आणि दुसऱ्या वाक्यात माझ्या हातात पन्ह्याचा पेला दिला. पुण्यात पन्ह्यापर्यंत पोचायला आणखी अर्धा तास लागतो.

मैदान म्हणजे शाळेमागची भुसभुशीत केलेली माती. ऊन कलतं झालं होतं, तरी जमिनीतून वाफा येत होत्या. मुलींनी माझ्या जर्सी घातल्या. गडद निळा रंग, पाठीवर जाळी चमकतेय; मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

संघातल्या दोघींची नावं आधी सांगते. प्रज्ञा तायडे ही चढाई करणारी, म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरून, कुणाला तरी शिवून, सटकून परत येणारी. शिडशिडीत, बोलायला अगदी कमी. दुसरी कोमल राऊत, पकड करणारी. तिच्या घरची झेंडूची शेती, बाजारात फुलं विकायला तीच बसते, त्यामुळे तोंड आणि मनगट दोन्ही मजबूत. सरावात कोमल पलीकडे आणि प्रज्ञा अलीकडे. रेखाताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “आमची प्रज्ञा म्हंजे मासोळी. आजवर कोमलच्या हाती लागली नाई.”

त्या संध्याकाळी मासोळी दर चढाईला हाती लागली. कधी कोमलने कंबर धरली, कधी पाठ. धरली की सुटेच ना. कोमल हर्षाने ओरडत होती, “भल्ली पकड बसून राहिली बाप्पा! माह्या बोटाइत काय आलं आज!” प्रज्ञा दर वेळी मातीतून उठायची, गुडघे झटकायची आणि पुन्हा जायची. पुन्हा धरली जायची. मी कडेला बसून सगळ्यांच्या पाठी कशा कोरड्या आहेत ते टिपत होते. मनात म्हटलं, ही प्रज्ञा म्हणतात तेवढी काही खास नाही.

मधल्या सुट्टीत पोरी नळावर धावल्या आणि जर्सीसकट भिजून आल्या. मैदान ओलांडेपर्यंत सगळ्या जर्सी वाळल्या. मी टाळी वाजवायचीच बाकी होती.

“वाळलं तं खरं,” रेखाताई स्वतःचा पदर भिजवून मानेवर टाकत म्हणाल्या, “पन एक इचारू? रागावू नोका. आमच्या इथं न वाळनारं असं काय हाय? अंगनात पापड टाकला का आपुन घरात येऊस्तोवर वाळते. विहीर वाळते, नाला वाळते. तुमी वाळवाचं कापड घिऊन इथं कायले आले?”

मी त्यांना समजावून सांगितलं. आत काय होतं, बाहेर काय होतं, थेंब कसा प्रवास करतो, सगळं. खिशातला ड्रॉपर काढून प्रात्यक्षिकही दाखवलं. रेखाताईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “हौ. पन पोरी म्हनून राहिल्या गरम होते.” त्याला मी सवयीचा प्रश्न म्हटलं.

तेवढ्यात बंडूभाऊ आले. बंडूभाऊ ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतात, मोठमोठ्या फलकांवर सगळ्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छा देतात आणि येत्या निवडणुकीला उभं राहण्यासाठी कार्यकर्त्यांचा आग्रह कधी सुरू होतो याची वाट बघतात. संघाच्या येण्याजाण्याचं आणि जेवणाचं ते बघणार होते. त्या बदल्यात जर्सीवर त्यांचं छायाचित्र. माणूस मनाने दिलदार. चेहऱ्यावर मात्र पाहण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे दोन्ही टोकांना वर वळवलेली, रोज पीळ दिलेली मिशी.

“भाऊ, छाप अगदी छोटा ठेवा,” मी हात जोडून सांगितलं. “रबराच्या छापाखाली जाळी बुजते. मग कापडाचा उपयोग राहत नाही.”

“टेन्शनच नोका घिऊ, मॅडम. उद्या अमरावतीले नेतो, परवा डायरेक्ट अकोल्याले आनतो. एवढुसा,” म्हणत त्यांनी दोन बोटांत मोहरीचा दाणा धरल्यासारखं दाखवलं.

रात्रीचं जेवण प्रज्ञाकडे होतं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे तुपात कुस्करून, वर झणझणीत वांग्याची भाजी. मी रडत रडत खात होते. प्रज्ञाची आई, “पुन्याचे हाय, तिखट झेपत नाई त्याइले,” असं म्हणून माझ्या ताटात आणखी तूप ओतत होती. प्रज्ञाचे वडील एसटीत कंडक्टर. अकोला-अमरावती गाडीवरची ड्युटी करून ते आले, खाकी शर्टाच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला. माठाशेजारच्या बादलीत त्यांनी दुपट्टा बुडवला, न पिळता मानेभोवती घेतला आणि मग बोलायला तयार झाले.

“सरकारी नोकरी म्हंजे सरकारी नोकरी, मॅडम. आमच्या बाबानं आमाले शिकवलं म्हनून मी या गाडीवर हाय. हिले नर्सिंगले नंबर लागते. कबड्डीनं कोनाचं पोट भरते काय?”

प्रज्ञाचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. अकोल्याला विदर्भाच्या संघाचे निवड करणारे बसणार होते. मागच्या वर्षीही बसले होते, पण सामन्यात उन्हाने तिला भोवळ आली आणि तिला बाहेर काढावं लागलं. बापलेकीचं ठरलं होतं: यंदा निवड झाली तर एक वर्ष खेळ, नाही तर नर्सिंग. त्यावर पुन्हा बोलणं नाही. वडील वाईट नव्हते, आवाजही चढला नव्हता. म्हणूनच मला ते पक्कं वाटलं. प्रज्ञा ताटातल्या रोडग्याचे तुकडे करत होती, खात नव्हती.

कौंडण्यपूर

दुसऱ्या दिवशी जर्सी बंडूभाऊंबरोबर अमरावतीला गेल्या. खरं तर मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. पण रेखाताई म्हणाल्या, “तुमी आल्या अन् कौंडण्यपूर न पायता गेल्या तं लोक मले हसतीन,” आणि मलाही वर्धा नदी बघायची होती. संघच्या संघ सहलीला निघाला.

रुक्मिणीचं माहेर हे. देवळात गारवा होता, खाली नदीचं पात्र उन्हात लखलखत होतं, मधे पाणी, कडेला मोठमोठे दगड. जत्रेच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते म्हणे; त्या सकाळी आम्ही आणि दोन म्हशी. कोमलने मला सगळी कथा ऐकवली, ती तिच्या पद्धतीने. “पहिली चढाई इथं झाली मॅडम. शिशुपाल, रुक्मी, सगळा संघ तयार उभा होता पकडीले. कृष्ण आला, हात धरला, गेला. कोनाचा हात नाई लागला त्याले.” मग प्रज्ञाकडे बघून म्हणाली, “तुले त्यानं शिकवाले पायजे होतं.”

सगळ्या हसल्या. प्रज्ञा उठून पाण्याकडे गेली. कोमलला लगेच वाईट वाटलं, पण गेलेला शब्द. थोड्या वेळाने मी प्रज्ञाजवळ जाऊन बसले. तिने पाय पाण्यात सोडले होते.

“मॅडम, तुमी काल पायलं. खरं सांगा, मी खराब खेळून राहिली का?”

मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. “थोडा सराव वाढव,” मी म्हटलं.

“सराव तेवढाच हाय. अंगच साथ देऊन नाही राहिलं. पयले कोनाच्या हातात आली तरी सुटत होती मी. आता जशी काय चिकटते.” मग पायाने पाणी ढवळत म्हणाली, “मले नर्सिंगची भीती नाई वाटत. पन मंग हे पुन्हा नाई ना.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं. मघाशी कोमलने पाण्यात ढकलल्यामुळे तिचा साधा सुती कुडता पाठीवर चिंब होता, आणि इतक्या उन्हात तो गार लागत होता. हेही मी सोडून दिलं. मी कापडाची तज्ज्ञ.

अकोला

अकोल्याला कापसाच्या बाजाराच्या अलीकडे मैदानावर मांडव होता, मांडवात चटया अंथरलेल्या. सामने ‘सकाळच्या थंड वेळी’ ठेवले होते. उद्घाटन करणारे पाहुणे थंड वेळ टळल्यावर आले. मग दीपप्रज्वलन, हार, शाल, खेळाचं जीवनातलं महत्त्व, त्यावर आणखी दोघांची सहमती. समोर कुलरच्या झोतात पाहुणे आणि निवड करणारे, पोरी बाजूच्या शेडच्या पत्र्याखाली. ऊन माथ्यावर आलं तेव्हा पाहुण्यांनी खेळाडूंना शुभेच्छा दिल्या आणि ते जेवायला गेले.

बंडूभाऊ जर्सीचं गाठोडं घेऊन हजर. त्यांनी स्वतः पहिली जर्सी उलगडली आणि छातीशी धरून दाखवली.

मी पाहिलं ते असं: छातीभर बंडूभाऊ. जेवणाच्या ताटाएवढे. वर ‘शुभेच्छुक’, खाली नाव, पाठीवर नंबर. ते एक वेळ गिळलं असतं. पण जर्सीच्या सगळ्या शिवणी बाहेर आलेल्या होत्या. गळ्याशी मापाची पट्टी बाहेर. कुशीत ‘इस्त्री करू नये’ची पट्टी झेंड्यासारखी फडकत होती. सगळ्याच्या सगळ्या जर्सी उलट्या बाजूवर छापल्या होत्या.

“भाऊ! ही आतली बाजू आहे!”

“मले माहीत हाय ना,” भाऊ अभिमानाने म्हणाले. “त्या खरबडी बाजूवर मिशी फिसकटून राहिली होती, मॅडम. छापनारा म्हने नाई जमत. मंग मीच म्हटलं, पलटव बे! आता पाहा, कशी तलवारीवानी आली!”

मी खाली बसले. दोन वर्षं. घामाला थारा न देणारी गुळगुळीत बाजू बाहेर, आणि पाणी पिऊन बसणारी सुती जाळी पोरींच्या अंगाला! म्हणजे घाम अंगाशीच राहणार, ओलं कापड अंगाला चिकटणार, आमच्या धंद्यात जे जे पाप मानलं जातं ते ते सगळं होणार. “सुलटी घाला,” मी रेखाताईंना म्हटलं. पण मग नंबर आत जातात आणि नंबराशिवाय पंच आत सोडत नाहीत. जुन्या जर्सी तिवशाला राहिल्या होत्या. शिट्टी झाली. पोरींनी नळावर डोकी भिजवली, पत्र्याखालचा अर्धा माठ एकमेकींवर ओतला आणि शिवणी बाहेर, बंडूभाऊ पुढे अशा चटईवर उतरल्या. प्रेक्षकांत हशा पिकला. “अबे, घाईघाईत निंघाल्या वाटते!” कुणीतरी ओरडलं.

प्रज्ञाची पहिली चढाई. अकोल्याच्या संघात एक उंच मुलगी होती, लांब हातांची. तिने प्रज्ञाची कंबर धरली. मी डोळे मिटले. उघडले तर प्रज्ञा अलीकडे उभी होती आणि ती उंच मुलगी स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत होती.

दुसरी चढाई. पाठ धरली, हात घसरला. तिसरी. दोघींनी धरलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि प्रज्ञा मधून निसटली. रेखाताईंनी माझा दंड इतक्या जोरात आवळला की अजून दुखतोय. “मासोळी! मासोळी आली माही!”

मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. तिवशाला त्या संध्याकाळी कोमलच्या बोटांत काही आलं नव्हतं. तिला माझी जाळी मिळाली होती! पोळ्यासारखी खडबडीत, बोटं रुतवायला जशी काही मुद्दाम केलेली. ज्या पोरीचा सगळा खेळ निसटण्यावर, तिच्या अंगावर मी धरायला मुठी शिवून दिल्या होत्या, आणि वर तिला सराव वाढवायचा सल्ला दिला होता.

मध्यंतरात प्रज्ञा पाणी प्यायला आली. मी घाबरतच विचारलं, “चक्कर येतेय का?”

“नाई मॅडम,” ती दम खात म्हणाली. “आज गार वाटून राहिलं.”

मी तिच्या मानेमागून जर्सीच्या आत बोटं घातली. मघाशी ओतलेलं पाणी अजून होतं. सुती जाळी ओलीगच्च, आणि हात लागला तो माठाला लागावा तसा. गोष्ट शाळेतल्या मुलाला कळेल इतकी सोपी होती. पाणी वाळतं तेव्हा ते ज्याला चिकटून वाळतं त्याला गार करतं. माठ पाझरतो म्हणून पाणी गार. माझं कापड घाम अंगापासून दूर नेऊन वाळवत होतं, म्हणजे गारवा सगळा वाऱ्याला वाटून टाकत होतं आणि अंगाला काही ठेवत नव्हतं. दमट मुंबईत, जिथे काही केल्या वाळत नाही, तिथे ते शहाणपण. इथे, जिथे हवाच टपून बसलेली, तिथे थेंब अंगाशी धरून ठेवायचा असतो. हे रिक्षावाल्यापासून कुलरपर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. फक्त जावईबापूंनी सांगितलं नव्हतं, आणि मी ऐकत होते ते फक्त त्यांचं.

दुसऱ्या डावात सामना घासून झाला. कारण पलीकडच्या मुलींच्या अंगावर साध्या जर्सी होत्या आणि कोमल तिवशाच्या पकडीच्या तोऱ्यात होती. तिने हात घालावा आणि समोरचीने निसटून जावं. “आज काय झालं वं माह्या बोटाइले?” असं ती दर वेळी म्हणत होती. मी मान खाली घातली.

बंडूभाऊंचंही काही खरं नव्हतं. गुळगुळीत, ओल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडावर रबर टिकेना. आधी एकेकीच्या छातीवरचा कान सुटला, मग भुवई. भाऊ काठावर उभे राहून, “सांभाळून बेटा, सांभाळून!” म्हणत होते, ते खेळाडूला की छायाचित्राला, हे कळत नव्हतं.

शेवटची चढाई प्रज्ञाची. आम्ही चार गुणांनी मागे. ती आत शिरली, डावीकडच्या दोघींना शिवली आणि वळली, तोच उंच मुलीने समोरून झडप घातली. दोन्ही हातांनी छातीवरची जर्सी मुठीत धरली, या वेळी तिला धरायला काहीतरी मिळालं होतं. सगळा मांडव उभा राहिला. प्रज्ञाने अंग पिळलं, चर्रकन आवाज झाला आणि ती मध्यरेषेच्या अलीकडे पालथी पडली. उंच मुलगी पलीकडे बसली होती आणि तिच्या मुठीत बंडूभाऊंची अर्धी मिशी होती.

तीन गुण मिळाले, शिवलेल्या दोघींचे दोन आणि धरून सोडणाऱ्या उंच मुलीचा एक. सामना आम्ही एका गुणाने हरलो.

पोरी रडल्या, कोमल सगळ्यात जास्त. दुपार कलेपर्यंत आम्ही मांडवाच्या कडेला बसून राहिलो. मग माइकवरून विदर्भाच्या संघासाठी नावं पुकारली. आवाज फाटका, त्यात पंख्याची घरघर. चौथं की पाचवं नाव आलं, “प्रज्ञा तायडे, तिवसा.” प्रज्ञा तशीच बसून होती. कोमलने तिला गदागदा हलवून सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग मी खराब नव्हती खेळून राहिली?”

“नाही गं,” मी म्हटलं. “कापड चुकीचं होतं. माझं.”

बंडूभाऊंनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. “मिशीपुरतं फिरून छापून घिऊ,” ते म्हणाले. पण त्यांचाही आवाज ओला झाला होता, आणि तो मिशीसाठी नव्हता.

एसटी

परतीच्या गाडीत चढलो तर दारात तायडे, प्रज्ञाचे वडील. खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात तिकिटाचं यंत्र. ड्युटीवर त्यांचा फोन पिशवीत असतो, त्यांना काही कळलेलं नव्हतं. गलका करत आलेला संघ एकदम चिडीचूप झाला. प्रज्ञा खिडकीशी बसली आणि बाहेर बघायला लागली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब. “काय, वाळतंय ना व्यवस्थित?”

“साहेब, कापड उत्तम आहे,” मी म्हटलं. “फक्त उलटं घालायचं.”

पलीकडे महाबळेश्वरचा वारा वाजला. मग, “तुझा आवाज नीट येत नाहीये,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गाडी हलली. तायडे एकेक बाक करत आमच्यापर्यंत आले.

“किती?”

“सगळ्या अमरावती. सगळ्या अर्ध्या,” रेखाताई म्हणाल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पोटच्या पोरीलासुद्धा ते काढावंच लागतं. यंत्र कुरकुरत तिकिटं बाहेर टाकायला लागलं. कोमलला आणखी धीर धरवेना.

“काका, प्रज्ञाचं नाव आलं! विदर्भात!”

तायड्यांनी उरलेली तिकिटं फाडली, रेखाताईंच्या हातात दिली. मग लेकीकडे पाहिलं.

“जर्सी उलटी हाय तुयी.”

“हौ बाबा.”

“अशीच खेळली? एवढ्या लोकाइत?”

“हौ.”

ते पुढच्या बाकाकडे गेले. शेवटच्या बाकापर्यंत तिकिटं दिली, सुट्ट्या पैशांवरून एका म्हाताऱ्याशी हुज्जतही घातली. प्रज्ञाने खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं होतं. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता आणि तिची जर्सी आता वाळत आली होती.

तायडे परत आले. त्यांच्या हातात प्यायच्या पाण्याची बाटली होती. गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी ती सगळी त्यावर ओतली. दुपट्टा न पिळताच लेकीच्या डोक्यावर घातला, दोन्ही टोकं कानांवरून नीट मागे घेतली आणि गाठ मारली. पाणी तिच्या मानेवरून उलट्या शिवणींवर, अर्ध्या मिशीच्या बंडूभाऊंवर उतरत होतं.

“नर्सिंगवाल्याइले मी सांगतो उद्या,” ते म्हणाले. मग यंत्र पुन्हा हातात घेत, दुसरीकडे बघत, “अमरावती येऊस्तोवर वाळू देऊ नोको.”